धमालीला तिचा वेळ द्या : सांस्कृतिक महोत्सवांच्या आयोजकांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र व गोव्यातील सांस्कृतिक महोत्सवांचे आयोजक, क्षेत्रीय सांस्कृतिक केंद्रांचे कार्यक्रम अधिकारी, महाविद्यालयांची कला मंडळे आणि लोककलांच्या कार्यक्रमांचे निवेदक यांस,

सप्रेम नमस्कार.

दिवाळी ते होळी हा आपल्याकडचा महोत्सवांचा हंगाम. नगरपालिकांचे महोत्सव, पर्यटनाचे सोहळे, विद्यापीठांचे युवक महोत्सव, मोठ्या गृहसंकुलांचे वर्धापनदिन अशा ठिकाणी एक संध्याकाळ भारतीय लोकनृत्यांसाठी राखून ठेवलेली असते आणि त्या संध्याकाळच्या पत्रिकेत गुजरातमधील सिद्दींच्या, म्हणजे पूर्वी आफ्रिकेतून आलेल्या लोकांच्या वंशजांच्या, धमाल पथकाचे नाव अलीकडे वारंवार दिसते. ही पथके बोलावली जातात याचा मला मनापासून आनंद आहे. अशा पथकांच्या प्रवासाची, मुक्कामाची आणि रंगमंचामागची व्यवस्था पाहणारा स्वयंसेवक म्हणून मी त्यांच्यात वावरलो आहे आणि प्रेक्षकांत बसूनही धमाल पाहिली आहे. त्या ओळखीतून हे पत्र लिहीत आहे. माझी मागणी एकच आहे : धमाल ज्या क्रमाने आणि जितक्या अवधीत घडते, त्या क्रमाने आणि तितक्या अवधीत ती आपल्या रंगमंचावर घडू द्यावी आणि तिच्याविषयी प्रेक्षकांना काय सांगायचे हे पथकाच्या प्रमुखाला ठरवू द्यावे.

धमाल ही मुळात दर्ग्यातली उपासना आहे. भरूच जिल्ह्यात, झगडियाच्या बाजूला, रतनपूर नावाचे गाव आहे आणि तिथल्या टेकडीवर बावा गोर यांचा दर्गा आहे. हा सारा परिसर अकीक या रंगीत मौल्यवान दगडाच्या खाणींचा. इथला अकीक खंभातला जाई, तिथे त्याचे मणी घडत आणि ते मणी अरबी समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचत. बावा गोर हे हबसाणातून (आजच्या इथिओपियाच्या बाजूने) आलेले संत, आणि अकीकाच्या व्यवसायातले लोक त्यांना आपला पीर मानतात. त्यांचे बंधू बावा हबश आणि भगिनी माई मिसरा यांनाही तितकाच मान आहे. या भागात उपद्रव देणाऱ्या एका राक्षसीचा बंदोबस्त भावांच्या हातून झाला नाही, तो बहिणीने केला, अशी तिथली कथा आहे. दर्ग्यावर मुसलमानांबरोबर हिंदू आणि पारशी भाविकही नवस बोलायला येतात. बाहेरची बाधा झालेल्या माणसांना आणण्याचीही प्रथा आहे. या पीरांची सेवा करणारे सिद्दी फकीर उरसाच्या रात्री ढोलांच्या तालावर जिक्र, म्हणजे ईश्वराच्या आणि पीरांच्या स्मरणाची गाणी, गातात आणि नाचतात. तीच धमाल. गुजरातेत तिला गोमा असेही म्हणतात. मुंबईतही बावा गोर यांची ठिकाणे आहेत आणि तिथल्या सिद्दी कुटुंबांचे रतनपूरशी जाणेयेणे असते. तेव्हा ही कला आपल्याला वाटते तितकी परकी किंवा दूरची नाही.

आपल्यापैकी अनेकांनी धमाल पाहिली आहे, पण वाद्ये जवळून पाहिलेली नसतील. म्हणून त्यांच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. मुगरमान हा लाकडात कोरलेला, पायांवर उभा राहणारा, एकाच तोंडाचा ढोल. त्याला मान आहे. वाजवण्याआधी लोबानाचा धूर दाखवतात आणि त्याला ओलांडून कोणी जात नाही. कराचीजवळ मंघोपीरच्या दर्ग्यात तिथल्या शीदी (म्हणजे सिद्दीच) समाजाचा मेळा भरतो, त्यात वाजणाऱ्या ढोलाचे नावही मुगरमानच आहे. देश दोन झाले, ढोलाचे नाव दोन्हीकडे राहिले. मुसिंडो हा गळ्यात अडकवून वाजवायचा लहान ढोल. माई मिसरा हे संत भगिनीच्याच नावाने ओळखले जाणारे वाद्य, नारळाच्या करवंटीत खडे भरून हिरव्या कापडाने मढवलेला खुळखुळा. त्याशिवाय शंख. आणि मलुंगा. मलुंगा म्हणजे धनुष्य : वाकवलेल्या काठीला ताणून बांधलेली तार, तिच्यावर एक लहान काठी मारायची आणि धनुष्याला बांधलेला भोपळा अंगाशी कधी टेकवायचा, कधी दूर न्यायचा. भोपळा अंगाला लागला की आवाज आत जातो, दूर नेला की मोकळा होतो. वादकाचे पोट आणि छाती त्या वाद्याचाच भाग होऊन जातात. ब्राझीलमधल्या कपोइरा या नृत्यासारख्या युद्धकलेत वाजणाऱ्या बेरिंबाऊचे हे सख्खे भावंड आहे. बेरिंबाऊ आज जगभर शिकवला जातो, मलुंगा वाजवणारे मात्र गुजरातेत फार थोडे उरले. नझीर जैराझभॉय आणि एमी कॅटलिन या संगीत-अभ्यासक दांपत्याने या वाद्याची परंपरा नव्या मुलांच्या हाती जावी म्हणून मोठे कष्ट घेतले, त्यामुळे जे टिकले ते टिकले.

आता आपल्या महोत्सवात या मलुंग्याचे काय होते ते पाहावे. पथकाला सहा-सात मिनिटे दिलेली असतात. सहा-सात मिनिटांत मलुंगा ऐकवता येत नाही, कारण त्याचा आवाज हळू आहे आणि कान त्याच्यापर्यंत यायला वेळ लागतो. मग पथकप्रमुख स्वतःच तो पेटीतून काढत नाही. पुढच्या वेळी मलुंगा घरीच राहतो. त्याच्याबरोबर तो वाजवणारा म्हातारा फकीरही घरी राहतो, कारण गाडीभाड्यात जागा मोजूनच मिळते आणि त्या जागेवर उड्या मारू शकणारा एखादा तरुण आलेला आयोजकाला अधिक पसंत असतो. कोणाच्याही मनात वाईट नसताना एक वाद्य असे रंगमंचावरून उतरते. शासनाच्या अनुदानातून ‘लुप्त होत चाललेल्या कलांचे जतन’ या नावाखाली भरणाऱ्या महोत्सवांत तरी हे घडू नये.

धमालीला स्वतःचा क्रम आहे. सुरुवात बसून होते. पीरांना सलाम, मग जिक्र : एक जण ओळ म्हणतो, बाकीचे ती उचलतात, गुजराती-हिंदी शब्दांत मधेच पूर्व आफ्रिकेतून आलेला एखादा शब्द असतो, ज्याचा अर्थ गाणाऱ्यांपैकी सर्वांना माहीत असतोच असे नाही, पण तो शब्द कोणी गाळत नाही. ही बैठी धमाल. लय सावकाश चढते, ढोल एकमेकांत मिसळतात, आणि मग एकेक जण उठतो. जो उठतो तो आधी ढोलांकडे तोंड करून नाचतो, प्रेक्षकांकडे नंतर. चेहऱ्यांचे खेळ, प्राण्यांच्या चालींच्या नकला, खाली बसून मारलेल्या उड्या हे सारे त्यातून येते. अगदी शेवटी, लय टिपेला पोहोचल्यावर, नारळ हवेत उंच उडतो आणि खाली येताना नर्तकाच्या डोक्यावर फुटतो. तो नारळ त्या चढत गेलेल्या लयीचे टोक आहे. आयोजकाकडून पथकप्रमुखाला येणारा फोन मात्र बहुधा नारळापासूनच सुरू होतो : नारळ फोडणार ना, किती फोडणार, आगीचे काही करता का, बसून गाण्याचे ते राहू द्या.

आपण मराठी माणसांनी हे विशेष समजून घ्यायला हवे, कारण आपल्याकडे गोंधळ आहे. संबळ वाजू लागते, गोंधळी एकेका देवाचे आणि गावाचे नाव घेऊन त्याला गोंधळाला येण्याचे आवतण देतो, तुळजापूरची भवानी, जेजुरीचा खंडोबा, पंढरपूरचा विठोबा, आणि ती यादी पुरी झाल्याशिवाय आख्यानाला हात घालत नाही. उद्या दिल्लीच्या एखाद्या कार्यक्रमात आपल्या गोंधळ्याला कोणी सांगितले की आवतण गाळा, आख्यान गाळा, फक्त पेटती दिवटी नाचवून दाखवा आणि पाच मिनिटांत उतरा, तर आपल्याला काय वाटेल ते मी सांगायला नको. सिद्दी फकिराला आपण प्रत्येक हंगामात तेच सांगत आलो आहोत.

एका शहरातल्या महोत्सवातला प्रसंग सांगतो. त्या शहराचे आणि संस्थेचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण असे अनेक ठिकाणी होते. पथक दुपारपासून येऊन थांबले होते. उद्घाटनाची भाषणे लांबली, सत्कार वाढले, आणि रात्री साडेनऊला पथकप्रमुखाला सांगण्यात आले की आता तुम्हाला पाचच मिनिटे आहेत. त्यांनी मान डोलावली. मग एक कार्यकर्ता पालापाचोळ्याचे हिरवे झगे आणि पुठ्ठ्याचे भाले घेऊन आला आणि मोरपिसांऐवजी हे घाला, जास्त ‘जंगली’ दिसेल, असे म्हणाला. प्रमुख साठीच्या पुढचे गृहस्थ. त्यांनी अत्यंत शांतपणे विचारले, “बेटा, दर्ग्यात असे घालून जाऊ का मी?” कार्यकर्त्याला उत्तर सुचले नाही, भाले बाजूला ठेवले गेले. पण रंगमंचावर निवेदकाने जे करायचे ते केलेच. ‘थेट आफ्रिकेच्या जंगलातून आलेले आपले पाहुणे’ अशी ओळख झाली, ‘आता होऊ द्या धमाल’ अशी कोटी झाली, आणि पुढच्या रांगेतल्या लहान मुलांना घाबरवून दाखवा अशी फर्माईश माईकवरून करण्यात आली. ते पाहुणे त्या दिवशी सकाळी भरूचहून रेल्वेने आले होते आणि आपापसांत गुजरातीत बोलत होते.

वेशभूषेविषयी गैरसमज नको. मोरपिसांचे झगे, कवड्यांच्या माळा, तोंडावरचे रंग हे पथकांनी रंगमंचासाठी स्वीकारलेले आहे, त्यांना ते आवडते आणि त्यात ते देखणे दिसतात. दर्ग्यात साध्या कपड्यांत धमाल करणाऱ्या माणसाने रंगमंचावर नटावे यात गैर काहीच नाही. तो निर्णय त्याचा आहे. आक्षेप आहे तो आपण वरून चढवलेल्या पानांना, भाल्यांना, काळ्या रंगाला, आणि त्यामागे असलेल्या या समजुतीला की सावळा, कुरळ्या केसांचा माणूस ढोल वाजवतो म्हणजे तो जंगलातूनच आला असला पाहिजे.

ही समजूत महाराष्ट्रात तरी टिकायला नको होती. आफ्रिकेतून आलेल्या माणसांचा आपल्या इतिहासाशी जितका जवळचा संबंध आहे तितका देशात फार थोड्या प्रांतांचा असेल. गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला, त्याने 1610 साली खडकी वसवली, तीच पुढे औरंगाबाद म्हणून वाढली, आणि 1626 साली तो वारल्यावर खुलताबादला त्याची कबर झाली. जंजिऱ्याचे सिद्दी आणि 1660 साली पन्हाळ्याला वेढा घालून बसलेला सिद्दी जौहर आपल्या प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असतात, ते शत्रू म्हणून. जंजिरा संस्थान 1948 साली विलीन झाले आणि त्यानंतर सिद्दी हा शब्द आपल्यासाठी किल्ल्याच्या सहलीपुरता उरला. पण सगळेच सिद्दी काही सरदार नव्हते. अरबी आणि पोर्तुगीज व्यापारातून आणलेले गुलाम होते, खलाशी होते, संस्थानिकांच्या पदरचे शिपाई आणि नोकर होते, आणि हैदराबादेत निजामाच्या आफ्रिकी घोडदळाच्या वस्तीला आजही ए. सी. गार्ड्स हेच नाव आहे. धमाल या साध्या माणसांच्या वंशजांची आहे. किल्ला किंवा दरबार त्यांच्या वाट्याला आला नाही. त्यांच्याकडे ढोल आणि पीर राहिला.

म्हणून पत्रिकेवरचा मजकूर काळजीने लिहावा अशी विनंती आहे. सर्रास ‘आदिवासी नृत्य’ असे छापले जाते. सौराष्ट्रातील काही जिल्ह्यांत सिद्दींची नोंद अनुसूचित जमातींत आहे, भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या सिद्दींना ती सवलत नाही, आणि ज्या फकिरांना तुम्ही मंचावर आदिवासी म्हणून सादर करता त्यांनाच कचेरीत तो दाखला मिळत नाही. ही विसंगती त्यांना बोचते. त्यापेक्षा ‘सिद्दी धमाल, बावा गोर यांच्या परंपरेतील सूफी गायन, वादन व नृत्य’ आणि पुढे पथकाच्या गावाचे नाव एवढे छापले तरी पुरे आहे. गावाचे नाव महत्त्वाचे आहे. रतनपूर वेगळे, गीरच्या पायथ्याशी तालाळ्याजवळचे जांबूर वेगळे. जांबूरला नगारची पीर यांचा दर्गा आहे. तिथल्या पथकांना सासण गीरच्या हॉटेलांतून पर्यटकांसमोर रोजची कामे मिळतात, त्याची सोय आणि त्याची झीज अशी दोन्ही त्यांच्या कलेवर दिसते. त्याच जांबूरच्या हिरबाई लोबी यांना स्त्रियांच्या बचतीच्या आणि शिक्षणाच्या कामासाठी 2023 साली पद्मश्री मिळाली. निवेदकाला सांगण्यासारखे काही हवे असेल तर जंगलापेक्षा हे सांगावे.

गोव्यातल्या आणि दक्षिण महाराष्ट्रातल्या आयोजकांसाठी आणखी एक गोष्ट. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागात राहणारे सिद्दी हा वेगळा समूह आहे. त्यांच्यातले बरेचसे पूर्वी गोव्यातून घाटावर गेले, घरात कोंकणी-मराठीच्या वळणाची बोली बोलतात, त्यांच्यात हिंदू, ख्रिस्ती आणि मुसलमान असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत आणि त्यांचे वाद्य दमाम हा ढोल आहे. दमामाच्या तालावर बायका नाचतात, फुगडीही घालतात. 2003 साली त्यांचा अनुसूचित जमातींत समावेश झाला. त्यांना धमाल करायला सांगू नये आणि रतनपूरच्या पथकाला दमाम विचारू नये. तुमच्या महोत्सवाला हे लोक जवळ पडतात, भाषेनेही जवळ आहेत, आणि तरीही त्यांना आमंत्रण क्वचितच जाते. ते जावे.

पुण्या-मुंबईत हल्ली आफ्रिकी ढोलवादनाच्या कार्यशाळा जोरात असतात. कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना गोलात बसवून जेंबे वाजवायला देतात, त्यासाठी चांगली फी आकारली जाते, आणि लोक आनंदाने येतात. मला त्याचे कौतुकच आहे. जेंबे हा पश्चिम आफ्रिकेतल्या मांदे लोकांचा, दोऱ्यांनी ताणलेल्या बकऱ्याच्या कातड्याचा ढोल. गिनीच्या फोदेबा केइता यांनी 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये उभ्या केलेल्या ‘ले बॅले आफ्रिकें’ या नृत्यसंस्थेने तो जगभरच्या रंगमंचांवर नेला, आणि 1958 साली गिनी स्वतंत्र झाल्यावर ती संस्था त्या देशाची राष्ट्रीय संस्था झाली. गावात रात्रभर चालणारे नाच त्यांनीही रंगमंचासाठी दीड-दोन तासांत बसवले, कापले, जोडले. परंतु काय कापायचे ते त्यांच्यातल्याच कलावंतांनी ठरवले, आणि प्रेक्षकाला तिकीट काढून पूर्ण कार्यक्रमाला बसावे लागले. आपल्याच शेजारच्या राज्यात, रात्रीच्या गाडीने पोहोचता येईल इतक्या अंतरावर, मुगरमान वाजवणारे लोक असताना त्यांची कार्यशाळा मी आजवर कोणत्याही महाविद्यालयात पाहिलेली नाही. ज्या विद्यार्थ्यांना ढोल-ताशा पथकात उभे राहण्याची सवय आहे त्यांना मुगरमानाची लय शिकायला किती आवडेल, याचा विचार कला मंडळांनी करावा आणि अशा कार्यशाळेसाठी पथकाला जेंबे शिकवणाऱ्याइतकेच मानधन द्यावे.

मानधनाचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट लिहितो. बहुतेक पथके मध्यस्थामार्फत येतात, मध्यस्थ त्याचा हिस्सा आधी काढतो आणि उरलेले दहा-बारा जणांत वाटले जाते. रक्कम पथकाच्या खात्यावर थेट जमा करावी, प्रवासखर्च मानधनात मिसळू नये, आणि अर्धी रक्कम निघण्यापूर्वी द्यावी. ढोल मालवाहू डब्यातून येऊ शकत नाहीत, त्यामुळे गाडीत त्यांची जागा धरावी. मुक्काम शाळेच्या वर्गात असेल तर निदान गाद्या आणि पाणी असावे. रमजान, मोहरम आणि रतनपूरच्या उरसाच्या तारखा पाहून कार्यक्रम ठरवावा. कार्यक्रम झाल्यावर कलावंतांचे केस हात लावून पाहणारे, न विचारता छायाचित्रासाठी ओढणारे लोक प्रत्येक गावात भेटतात. त्यांना आवरण्याचे काम पथकाचे नाही, यजमानांचे आहे.

ध्वनिव्यवस्थेबद्दल तांत्रिक विनंती आहे आणि ती तुमच्या साउंडवाल्यापर्यंत पोहोचवावी. ढोलांना जवळून माईक लावू नयेत, ते स्वतः पुरेसे मोठे आहेत. एक माईक वर, थोडा लांब, एवढ्याने त्यांचा घुमारा नीट येतो. गायकांना दोन माईक द्यावेत, कारण ओळ म्हणणारा आणि ती उचलणारे वेगळे असतात आणि त्यांतला एकच ऐकू आला तर जिक्राचा अर्थ राहत नाही. मलुंग्याचा माईक भोपळ्यासमोर, खाली, बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीवर हवा. आणि पथक नाचत असताना मागे ध्वनिमुद्रित ठेका लावून ‘भर’ घालू नये. असे करणारे आहेत, म्हणून लिहावे लागते. बैठ्या धमालीसाठी सतरंजी, दुपारी अर्धा तास ध्वनिचाचणी आणि नारळ फुटल्यावर मंच झाडायला एक माणूस, यापलीकडे या पथकाची फारशी मागणी नसते.

प्रेक्षक कंटाळतील, हा आक्षेप मला दर वेळी ऐकवला जातो. या शतकाच्या पहिल्या दशकात ‘सिदी गोमा’ या नावाने गुजरातच्या सिद्दी कलावंतांनी ब्रिटन, अमेरिका आणि झांझिबारपर्यंत पूर्ण लांबीचे कार्यक्रम केले. भाषेचा एक शब्द न कळणारे प्रेक्षक तिथे बसून राहिले. आपला प्रेक्षक तर रात्रभर कीर्तन ऐकलेल्या, भजनाची बारी पाहिलेल्या, नाट्यसंगीताला वन्समोअर देणाऱ्या लोकांचा आहे. त्याला सावकाश चढणारी लय कळत नाही असे म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे. एका लहान गावातल्या वाचनालयाच्या वार्षिक कार्यक्रमात दुसरे पथक ऐनवेळी न आल्याने सिद्दींना जवळजवळ तासभर मिळाला होता. पहिली दहा मिनिटे लोक कुजबुजत होते. मलुंगा सुरू झाल्यावर मागच्या बाजूच्या बायका उठून पुढे येऊन जमिनीवर बसल्या, आणि नारळ फुटण्याच्या कितीतरी आधी टाळ्यांचा ठेका सबंध मांडवाने धरला होता.

दुसरी अडचण खरी आहे. बारा राज्यांची बारा पथके आणि अडीच तासांची संध्याकाळ, यात कोणालाच वेळ देता येत नाही. माझी सूचना अशी की पथकांची संख्या कमी करावी. बारांऐवजी चार बोलवावीत, प्रत्येकाला अर्ध्या तासाहून थोडा अधिक वेळ द्यावा आणि राहिलेल्या आठांना पुढच्या दोन वर्षांत बोलवावे. खर्च वाढत नाही, उलट प्रवास आणि मुक्कामाचा बोजा घटतो. उदयपूरच्या पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या कक्षेत महाराष्ट्र, गोवा आणि गुजरात हे तिन्ही प्रदेश येतात, महाराष्ट्राचा नागपूरच्या केंद्राशीही संबंध आहे. या केंद्रांनी अनुदानाच्या अटींतच किमान सादरीकरणाचा अवधी नमूद केला तर स्थानिक आयोजकांना सत्कारांची यादी छोटी करायला एक सबळ कारण मिळेल. भाषणे लांबली तर कापली जाणारी वेळ कलावंतांची नसावी, एवढी एक अट तरी लेखी घालावी.

येत्या हंगामाच्या पत्रिका बहुतेक ठिकाणी अजून छापायच्या आहेत. सिद्दी पथक बोलावणार असाल तर मध्यस्थाच्या आधी पथकप्रमुखाशी स्वतः बोलावे, त्यांना बैठी धमाल करायची आहे का आणि मलुंगा वाजवणारे कोणी बरोबर येऊ शकेल का हे विचारावे, आणि ते सांगतील तेवढा वेळ पत्रिकेत धरून मगच बाकीचा कार्यक्रम आखावा. निवेदकाच्या हाती द्यायचा परिचय त्यांच्याकडून हिंदीत किंवा गुजरातीत लिहून घ्यावा. त्याचा मराठी अनुवाद करून देण्याची माझी तयारी आहे, त्यासाठी काही मानधन नको.

आपला नम्र,
सिद्दी धमाल पथकांचा एक स्वयंसेवक